डुकराचे विषाणू बाटलीत कसे वाढवतात?

शिळ्या भाकरीचा तुकडा ओला करून डबीत झाकून ठेवला, की तीन-चार दिवसांत त्यावर बुरशी येते. उकडलेल्या बटाट्याच्या चकतीवर मुलांनी न धुतलेले बोट टेकवले, की दोन दिवसांनी त्या जागी जिवाणूंचे पांढरट-पिवळसर ठिपके दिसू लागतात. हे प्रयोग आपल्यापैकी अनेकांनी वर्गात केले असतील. एका शिक्षक-शिबिरात आम्ही अशी चकती दाखवत असताना एक बाई म्हणाल्या, "बुरशी झाली, जिवाणू झाले. आता विषाणूही असेच उगवून दाखवा की!" सगळे हसले. पण बाई थट्टा करत नव्हत्या. त्यांनी पुढे विचारले, "पुस्तकात तर लिहिलंय की जिवंत पेशीच्या बाहेर विषाणू निर्जीवासारखा पडून असतो. मग प्रयोगशाळेत तो 'वाढवतात' म्हणजे नेमकं काय करतात?"

उत्तर तसे एका वाक्याचे आहे. विषाणू वाढवायचा तर आधी त्याला हव्या त्या जिवंत पेशी वाढवाव्या लागतात. भाकरी आणि बटाटा हे बुरशीचे आणि जिवाणूंचे अन्न आहे. विषाणूला अन्न नको असते, त्याला कारखाना हवा असतो. त्याच्याजवळ स्वतःच्या प्रती काढण्याचा मजकूर आहे, पण छपाईयंत्र नाही. ते पेशीचे वापरावे लागते. हे एवढे सांगून आम्ही त्या दिवशी वेळ मारून नेली. नंतर वाटले, की खरी गंमत आणि खऱ्या अडचणी त्यापुढेच आहेत. म्हणून हा लेख.

उदाहरणासाठी आम्ही डुकरांचे विषाणू निवडले आहेत. पेशींच्या बाटलीत विषाणू माणसाला किती प्रकारे चकवू शकतो, हे त्यांच्याइतके चांगले क्वचितच कुठे दिसते. एक खुलासा आधीच करायला हवा. 'स्वाइन' म्हटले की आपल्याला २००९ साली पुण्यात घबराट उडवणारा स्वाइन फ्लू आठवतो. तो इन्फ्लुएन्झाचा विषाणू. कोंबडीच्या अंड्यातही तो सुखाने वाढतो. आपण बोलणार आहोत ते प्रामुख्याने स्वाइन फीवरबद्दल, ज्याला अमेरिकेत पूर्वी हॉग कॉलरा म्हणत. हा रोग डुकरांनाच होतो, माणसांना होत नाही. नाव सारखे असल्याने वर्गात हमखास गोंधळ होतो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या मका पिकवणाऱ्या पट्ट्यात हॉग कॉलऱ्याने कळपच्या कळप मरत. १८८५ च्या सुमारास सॅल्मन आणि स्मिथ या संशोधकांना आजारी डुकरांत एक जिवाणू सापडला आणि रोगाचे कारण मिळाले असे सर्वांना वाटले. (साल्मोनेला हे नाव याच सॅल्मनवरून पडले.) पण १९०३ मध्ये द श्वाइनिट्झ आणि डॉरसेट यांनी आजारी डुकराचे रक्त जिवाणू अडवणाऱ्या बारीक गाळणीतून गाळले आणि तो गाळ नव्हे, तर खाली उतरलेला स्वच्छ द्रव निरोगी डुकरांना टोचला. डुकरे आजारी पडली. म्हणजे रोगाचे कारण गाळणीतून पार होण्याइतके सूक्ष्म होते. बिचारा तो जिवाणू नंतर गर्दीत घुसलेला होता.

या प्रयोगातली अडचण लक्षात घ्या. गाळलेल्या द्रवात विषाणू आहे की नाही हे ठरवायला एकच उपकरण होते, ते म्हणजे दुसरे जिवंत डुक्कर. प्रत्येक प्रश्नाला एक डुक्कर लागे. ते आधी हा रोग होऊन बरे झालेले नसावे, वेगळ्या गोठ्यात ठेवलेले असावे, आणि उत्तरासाठी आठवडाभर थांबायची तयारी असावी. लसही तशीच. आजारी डुकराचे रक्त आणि रोगातून तावून निघालेल्या डुकराचा रक्तद्रव, असे दोन्ही एकाच वेळी टोचत. डुक्कर वाचे, पण पहिल्या सुईत जिवंत, जहाल विषाणू असल्याने काही वेळा लसच रोग पसरवी. विषाणूला डुकराबाहेर काढून, मोजून-मापून, सौम्य करून वापरायचे तर डुकराचा तेवढाच भाग बाटलीत ठेवता यायला हवा होता.

तो कसा ठेवतात ते आता पाहू. कल्पना जुनी आहे. रॉस हॅरिसन यांनी १९०७ मध्ये बेडकाच्या गर्भातील चेतातंतू शरीराबाहेर वाढवून दाखवला होता. पण बाटलीत जिवाणू शिरले, की दोन दिवसांत सगळे नासत असे. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास पेनिसिलिन व स्ट्रेप्टोमायसिन हाती आले, ती बाटलीत घालता येऊ लागली आणि काम सोपे झाले. १९४९ मध्ये एंडर्स, वेलर आणि रॉबिन्स यांनी पोलिओचा विषाणू चेतापेशी नसलेल्या मानवी ऊतींत वाढवून दाखवला. त्यासाठी त्यांना १९५४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर पशुवैद्यकाच्या प्रयोगशाळाही या मार्गाला लागल्या.

समजा आपल्याला डुकराच्या मूत्रपिंडाच्या पेशी हव्या आहेत. पिल्लाचे मूत्रपिंड निर्जंतुक स्थितीत काढायचे आणि कात्रीने ज्वारीच्या दाण्यापेक्षाही बारीक तुकडे करायचे. तरी पेशी एकमेकींना चिकटलेल्याच असतात. त्यांच्यामधला 'सिमेंट' विरघळवण्यासाठी ट्रिप्सिन वापरतात. हे पचनसंस्थेतले प्रथिन पचवणारे विकर; आपल्या पाठ्यपुस्तकात स्वादुपिंडाच्या धड्यात त्याचे नाव असते. बाजारात मिळणारे ट्रिप्सिन बहुधा डुकराच्याच स्वादुपिंडातून काढलेले असे. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. ट्रिप्सिनमध्ये तुकडे हलवत ठेवले, की द्रव गढूळ होतो. तो गढूळपणा म्हणजे सुट्या झालेल्या लाखो पेशी.

त्या धुऊन पोषकद्रवात घालतात. पोषकद्रवात ग्लुकोज, अमिनो आम्ले, क्षार आणि जीवनसत्त्वे असतात. पण एवढ्यावर पेशींचे भागत नाही. वासराच्या, बहुतेक वेळा गाईच्या गर्भाच्या रक्तातला रक्तद्रवही थोडा घालावा लागतो. बाटली आडवी करून ३७ अंश सेल्सियसला ठेवली, की पेशी तळाशी बसतात, काचेला चिकटतात, पसरतात आणि विभाजू लागतात. चार-पाच दिवसांत तळावर फरशी बसवल्यासारखा पेशींचा एकेरी थर तयार होतो. शेजारच्या पेशी चहूबाजूंनी टेकल्या, की निरोगी पेशी बहुधा पसरायच्या थांबतात.

द्रवात फिनॉल रेड नावाचा दर्शक घातलेला असतो. जास्वंदीच्या रसाचा रंग आम्लाने जसा बदलतो, तसेच हेही. ताजा द्रव लालसर असतो. पेशी जगू-वाढू लागल्या, की त्यांच्या उत्सर्जनाने द्रव आम्लधर्मी होऊन नारिंगी आणि मग पिवळा पडतो. म्हणजे पेशी जिवंत आहेत हे सूक्ष्मदर्शकाशिवाय कळते. उलट विषाणूने पेशी मारल्या तर द्रव लालच राहतो. पोलिओच्या विषाणूची चाचणी एकेकाळी अशी नुसत्या रंगावरून केली जाई. इतकी देखणी चाचणी शाळेत करता येत नाही याची आम्हाला नेहमी हळहळ वाटते.

थर भरला, की पुन्हा थोडे ट्रिप्सिन घालून पेशी सोडवायच्या आणि दोन-तीन नव्या बाटल्यांत वाटायच्या. विरजण लावत राहावे तसे. मात्र ताज्या अवयवातून काढलेल्या पेशी अशा ठरावीक फेऱ्यांनंतर थकतात आणि मरतात. क्वचित एखादा पेशीसमूह ही मर्यादा ओलांडतो आणि वर्षानुवर्षे विभाजत राहतो. त्याला पेशीवंश म्हणू. डुकराच्या मूत्रपिंडापासून १९५० च्या दशकात मिळालेला असा एक पेशीवंश 'पीके-१५' या नावाने जगभर गेला. पीके म्हणजे पोर्साइन किडनी, डुकराचे मूत्रपिंड. तो द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवता येतो, मागवता येतो. आपल्याकडे पुण्याचे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र असे अनेक पेशीवंश सांभाळते आणि देशभरातल्या प्रयोगशाळांना पुरवते.

आता या थरावर विषाणूचा द्रव घालायचा. पाठ्यपुस्तकातली आकृती आठवा: विषाणू पेशीत शिरतो, त्याच्या प्रती होतात, पेशी फुटते, नवे विषाणू बाहेर पडतात. काही विषाणू खरेच असे वागतात. पेशी गोल होतात, काचेवरून सुटतात, थराला भोके पडतात. भोके मोजली, की मूळ द्रवात किती विषाणू होते याचा अंदाज येतो. स्वाइन फीवरच्या विषाणूकडूनही सर्वांची हीच अपेक्षा होती.

पण थराला काहीच झाले नाही. विषाणू घातलेली बाटली आणि न घातलेली बाटली शेजारी ठेवली तर ओळखू येईना. तोच द्रव डुकराला टोचला तर मात्र डुक्कर आजारी! म्हणजे विषाणू पेशींत वाढत होता, बाहेरही पडत होता, पण पेशी फोडत नव्हता. पेशीच्या पटलातून हळूच निसटणारे असे विषाणू बरेच आहेत. पाठ्यपुस्तकातली ती आकृती जिवाणूभक्षक विषाणूची असते. ती सगळ्या विषाणूंना लागू आहे असा मुलांचा, आणि खरे सांगायचे तर आमचाही, समज होतो. स्वाइन फीवर हा त्यावरचा चांगला उतारा आहे. जो विषाणू डुकराला आठवड्या-दोन आठवड्यांत मारतो, तोच डुकराच्या पेशींना बाटलीत धक्काही लावत नाही. डुक्कर मरते त्यात विषाणूने केलेल्या थेट नासधुशीपेक्षा शरीराच्या बिघडलेल्या प्रतिसादाचा वाटा मोठा असतो.

अडचण परत तिथेच आली. बाटलीत विषाणू आहे हे कळायला शेवटी डुक्करच लागणार असेल, तर बाटलीचा उपयोग काय? जपानमधील कुमागाई आणि सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये यातून जी वाट काढली ती आम्हाला या सगळ्या कथेतली सर्वांत हुशारीची वाटते. त्यांनी डुकराच्या वृषणाच्या पेशी वाढवल्या, त्यांवर स्वाइन फीवरचा विषाणू घातला, काही दिवस थांबले आणि मग त्याच बाटलीत कोंबड्यांचा एक विषाणू घातला. हा न्यूकॅसल रोगाचा विषाणू, म्हणजेच आपल्या कोंबडीपालकांना चांगला ठाऊक असलेली राणीखेत किंवा मानमोडी. एरवी डुकराच्या पेशींत त्याची फारशी डाळ शिजत नाही. पण ज्या बाटलीत स्वाइन फीवरचा विषाणू आधीच गुपचूप होता, तिथे राणीखेतच्या विषाणूने थर उद्ध्वस्त केला! न दिसणारा विषाणू दुसऱ्याच्या दंग्यावरून ओळखता आला.

असे का व्हावे? पेशीत विषाणू शिरला, की ती इंटरफेरॉन नावाचे प्रथिन सोडते आणि शेजारच्या पेशी सावध होतात. इंटरफेरॉनचा शोध १९५७ चा, म्हणजे या प्रयोगाच्या केवळ एक वर्ष आधीचा. एरवी याच इशाऱ्यामुळे राणीखेतच्या विषाणूचे डुकराच्या पेशींत काही चालत नाही. स्वाइन फीवरचा विषाणू मात्र स्वतःबरोबर एक प्रथिन आणतो, जे पेशीतली इशारा देणारी कळच मोडून टाकते. पहिल्या चोराने राखणीच्या कुत्र्याला भाकरी टाकून गप्प केले, चोरी केली ती आवाज न करता. मागून आलेल्या दुसऱ्या चोराला मग अडवणारे कोणीच नाही, आणि तो भांडीकुंडी आदळत सुटतो. हा रेणूंच्या पातळीवरचा खुलासा व्हायला २००० नंतरची वर्षे उजाडली. चाचणी त्याआधी चाळीस-एक वर्षे वापरात होती.

या चाचणीतून एक अनपेक्षित फायदाही निघाला. स्वाइन फीवरच्या विषाणूचे काही बदललेले वाण राणीखेतच्या विषाणूला मोकळे रान देत नाहीत असे दिसले, आणि असे वाण डुकरांना सौम्यही निघाले. जपानी शास्त्रज्ञांनी एक जहाल वाण डुकराच्या वृषणपेशींत १४२ वेळा, बैलाच्या वृषणपेशींत ३६ वेळा आणि गिनीपिगच्या मूत्रपिंडपेशींत ४१ वेळा, शेवटी शेवटी कमी तापमानाला, वाढवत नेला आणि त्यातून सौम्य वाण वेगळा काढला. १९६९ पासून जपानमध्ये त्याची लस वापरात आली. परक्या पेशींत जगण्याची सवय लागता लागता विषाणू मूळ घरी वागण्याची रीत विसरतो, हे लस बनवण्याचे जुने तत्त्व.

आता थोडे वेगळे उदाहरण. १९८७ पासून अमेरिकेत आणि १९९०-९१ च्या हिवाळ्यात जर्मनी व हॉलंडमध्ये डुकरिणी दिवस भरत आले असताना गाभडू लागल्या, पिल्ले मेलेली जन्मत किंवा धापा टाकत मरत. काहींचे कान निळसर पडत. कारण सापडेना, म्हणून नावच पडले 'गूढ रोग'. हॉलंडमधील लेलिस्टाड येथील पशुवैद्यक संस्थेत वेन्सफोर्ट आणि त्यांचे सहकारी कामाला लागले. दहा ज्ञात विषाणूंसाठी रक्त तपासून झाले. इतर सूक्ष्मजीव सापडले, पण इथे एक तर तिथे दुसरा. शेवटी निरोगी डुकराचे फुप्फुस क्षारजलाने धुऊन मिळवलेल्या भक्षकपेशींत, म्हणजे फुप्फुसात शिरलेला कचरा व जंतू खाणाऱ्या पेशींत, एक अनोळखी विषाणू वाढू लागला. २० पैकी १६ पिल्लांत आणि ६३ पैकी ४१ डुकरिणींत तो सापडला. आजारी कळपांतल्या १६५ डुकरिणींपैकी १२३ जणींच्या रक्तात त्याविरुद्धची प्रतिपिंडे आजारानंतर तयार झालेली दिसली. १९९१ च्या मध्यापर्यंत निष्कर्ष प्रसिद्धही झाला. अवघ्या काही महिन्यांचे काम!

गंमत अशी, की हा विषाणू पीके-१५ सारख्या नेहमीच्या पेशींत वाढतच नव्हता. शरीराचे पहारेकरी असलेल्या पेशींतच घर करणारा हा हट्टी पाहुणा. पुढे माकडाच्या मूत्रपिंडाच्या एका पेशीवंशातही तो वाढतो असे आढळले. त्यातही काही पेशींत जोमाने, तर काहींत मुळीच नाही. १९९३ मध्ये त्यातून नेमक्या अनुकूल पेशी निवडून वेगळा पेशीवंश केला गेला. विषाणूला लागणारी कडी पेशीच्या पृष्ठभागावरचे सीडी-१६३ नावाचे प्रथिन आहे हे २००७ मध्ये दाखवले गेले. त्या प्रथिनाचे जनुक बंद पाडलेल्या डुकरांना हा रोग होत नाही असे २०१६ मध्ये दिसले, आणि २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा डुकरांना मान्यता दिली. भारतात या रोगाची पहिली नोंद २०१३ मधली, मिझोरममधली.

पण बाटलीत जे आपण घातले तेवढेच असते का?

१९७४ मध्ये बर्लिनच्या टिशर आणि सहकाऱ्यांना पीके-१५ पेशींच्या द्रवात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली अतिसूक्ष्म कण दिसले. व्यास सुमारे १७ नॅनोमीटर. एका मिलिमीटरवर असे जवळजवळ ५९ हजार कण ओळीने बसतील. १९८२ मध्ये त्यांनी दाखवले, की हा डुकराचा विषाणू आहे आणि त्यात एकेरी धाग्याचे, कड्यासारखे वळलेले डीएनए आहे. म्हणून त्याला सर्कोव्हायरस म्हणतात. ज्या पेशी जगभरच्या प्रयोगशाळा शुद्ध, रिकाम्या समजून वीस-एक वर्षे वापरत होत्या, त्यांत तो आधीपासून राहत होता. पेशी फोडत नसल्यामुळे कोणाच्या लक्षात आले नाही.

इथे शिक्षकांनी जरा थांबावे असे आम्हाला वाटते. प्रयोगाला जोड म्हणून 'काही न घातलेली' बाटली ठेवायची, हे आपण मुलांना शिकवतो. दोन्हींत फरक दिसला तर तो आपण घातलेल्या गोष्टीचा. पण दोन्ही बाटल्यांतल्या पेशी एकाच वंशाच्या असतील आणि त्या वंशातच पाहुणा असेल, तर तो दोन्हीकडे सारखाच हजर असणार. तुलनेत तो कधीच दिसणार नाही. तुलनेची बाटली फक्त फरक सांगते, समान असलेला दोष सांगत नाही. असेच गाईच्या गर्भाच्या रक्तद्रवाचेही झाले. त्यातून गुरांच्या अतिसाराचा एक विषाणू पेशींत येत असे, आणि तो स्वाइन फीवरच्या विषाणूचा सख्खा चुलतभाऊ! त्यामुळे स्वाइन फीवर शोधायला बसावे आणि रक्तद्रवातून आलेला चुलतभाऊच सापडावा, असे घोटाळे झाले. आता रक्तद्रव आणि पेशी त्यासाठी तपासूनच घेतात.

पीके-१५ मधला सर्कोव्हायरस निरुपद्रवी निघाला. डुकरांना टोचूनही रोग झाला नाही. १९९० च्या दशकात मात्र पश्चिम कॅनडात दूध तुटलेली पिल्ले खंगून मरू लागली आणि त्यामागे याच कुळातला दुसरा विषाणू सापडला. तेव्हापासून पहिल्याला प्रकार एक आणि खंगवणाऱ्याला प्रकार दोन म्हणतात.

ही गोष्ट डुकरांपुरती राहिली असती. पण २०१० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एरिक डेलवार्ट यांच्या गटाने बाजारातल्या काही जिवंत लशींतले सगळेच जनुकद्रव्य वाचून काढले. काय शोधायचे हे आधी न ठरवता, आहे ते सगळे वाचायचे, ही पद्धत तेव्हा नवी होती. लहान मुलांना तोंडावाटे देण्याच्या 'रोटारिक्स' या रोटाव्हायरसच्या लशीत त्यांना डुकराच्या सर्कोव्हायरसचे, प्रकार एकचे, डीएनए सापडले. लस तर माकडाच्या मूत्रपिंडपेशींत वाढवलेली. मग डुक्कर आले कुठून? ट्रिप्सिन आठवते ना! डुकराच्या स्वादुपिंडातून काढलेल्या ट्रिप्सिनबरोबर तो फार पूर्वी, लस घडवण्याच्या सुरुवातीच्या काळातच, मूळ पेशीसाठ्यात आला असावा असे मानले जाते.

२२ मार्च २०१० रोजी अमेरिकेच्या प्रशासनाने ही लस तूर्त वापरू नये असे डॉक्टरांना कळवले. मग दुसऱ्या कंपनीच्या रोटाव्हायरस लशीतही सर्कोव्हायरसच्या डीएनएचे तुकडे निघाले. आता काय करायचे? एका बाजूला माणसाला कधी रोग केल्याचे दिसले नाही असा डुकराचा विषाणू, आणि दुसऱ्या बाजूला त्या काळी जगात दरवर्षी पाच लाखांच्या आसपास बालकांचा बळी घेणारा रोटाव्हायरसचा अतिसार. लस घेतलेल्या मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. अपाय आढळला नाही. १४ मे रोजी ती शिफारस मागे घेतली गेली. हा निर्णय योग्यच होता असे आमचे मत आहे. आणि हेही, की लोकांना आधी सगळे उघड सांगितले गेले म्हणूनच तो टिकला.

आपल्या देशात डुकरांची संख्या सर्वाधिक आहे ती आसाममध्ये. २०१९ च्या पशुगणनेत देशातल्या सुमारे ९० लाख डुकरांपैकी सुमारे २१ लाख तिथे होती. परसात दोन-तीन डुकरे पाळायची, मुलांची फी किंवा दवाखाना आला की एक विकायचे. इथल्या स्वाइन फीवरसाठी १९६४ पासून जी लस वापरात होती, ती सशांत सौम्य केलेल्या वेब्रिज या ब्रिटिश वाणाची. ती बनवायला प्रत्येक वेळी ससे लागत. एका सशाच्या प्लीहेतून फक्त ५० मात्रा निघत. देशाची गरज वर्षाला सुमारे २ कोटी २० लाख मात्रांची, आणि तयार होत जेमतेम १२ लाख. म्हणजे शंभरातल्या पाच-सहा डुकरांपुरती! इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेने आधी या सशातल्या वाणाला पेशींच्या बाटलीत राहायला शिकवले. मग भारतातच मिळालेल्या वाणापासून पेशींत वाढणारी नवी लस तयार केली, ती फेब्रुवारी २०२० मध्ये जाहीर झाली. तिच्या लाखो मात्रा सशाविना काढता येतात.

त्याच वर्षी आसाम आणि अरुणाचलात डुकरे पुन्हा मोठ्या संख्येने मरू लागली. मे २०२० मध्ये निदान पक्के झाले: आफ्रिकन स्वाइन फीवर. नाव आणि लक्षणे सारखी, विषाणू पूर्ण वेगळा. नव्या लशीचा त्याच्यावर काही उपयोग नव्हता. हा विषाणूही लेलिस्टाडच्या पाहुण्यासारखा भक्षकपेशीच मागतो. या पेशी बाटलीत विभाजत नाहीत, दर वेळी नव्या डुकराच्या रक्तातून किंवा फुप्फुसातून काढाव्या लागतात. नेहमीच्या पेशीवंशात राहायची सवय लावली, तर त्याच्या जनुकांचे तुकडेच्या तुकडे गळून पडतात, आणि अनेकदा असा वाण डुकराला रोगापासून वाचवू शकत नाही. व्हिएतनामने २०२२ मध्ये एका लशीला परवानगी दिली, काही महिन्यांत डुकरे मेल्यामुळे ती थांबवली आणि २०२३ मध्ये पुन्हा दिली. आफ्रिकन स्वाइन फीवरचा विषाणू न बदलता ज्यात मुबलक वाढेल अशा, सतत विभाजत राहणाऱ्या पेशींचा शोध अनेक प्रयोगशाळांनी घेतला आहे. आसामात मात्र रोग आढळला, की त्या भोवतालच्या एक किलोमीटरमधली डुकरे मारून पुरणे, हाच उपाय सरकारी यंत्रणेला करावा लागला आहे.